हिरवा ठिपका आणि ग्राहकाचा विवेक



जैन घराण्यांत पाणी दुहेरी जाड कापडातून गाळून पिण्याचा प्रघात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्यासाठी कोणत्याही सरकारला फर्मान काढावे लागले नाही. धान्य घरी निवडले जाई, दळण घरच्या जात्यावर होई आणि अन्नशुद्धीची जबाबदारी घरातील माणसेच वाहत. आज स्वयंपाकघरात बंद पाकिटे आली आहेत. आतील माल कोणी व कशापासून बनविला, हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच कायद्याचा आधार आवश्यक ठरला.

१९५४ च्या अन्न भेसळ प्रतिबंधक कायद्याखाली २००० साली मांसाहारी पदार्थांच्या वेष्टनावर तपकिरी ठिपका आणि २००१ च्या अधिसूचनेने शाकाहारी पदार्थांवर हिरवा ठिपका बंधनकारक झाला. पुढे त्या कायद्याची जागा २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने घेतली. तो ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आला. २०२० च्या नियमांनी तपकिरी ठिपक्याऐवजी तपकिरी त्रिकोण आणला. शाकाहारी समाजाला या खुणांचा मोठाच लाभ झाला, हे कृतज्ञतापूर्वक मान्य केले पाहिजे.

परंतु हिरवा ठिपका म्हणजे जैन आहार नव्हे. कायद्याने मांसाहाराच्या व्याख्येतून दूध व दुग्धजन्य पदार्थांबरोबरच मध, मधमाश्यांचे मेण आणि लाखही वगळली आहे. त्यामुळे मध असलेल्या पदार्थावरही हिरवा ठिपका असू शकतो. कांदा, लसूण, बटाटा यांबाबत तर ही खूण काहीच सांगत नाही. यात कायद्याचा दोष नाही. कायदा सर्व देशासाठी असतो. व्रताची मर्यादा ज्याची त्यानेच सांभाळायची असते. कापडाच्या काठावरील छाप पाहिल्यावरही सुज्ञ गिऱ्हाईक पोत बोटांनी चाचपून पाहते. अन्नाच्या बाबतीत तेवढीही चिकित्सा होऊ नये, हे खेदजनक आहे.

घटकांच्या यादीत काही पदार्थ केवळ आकड्यांनी दर्शविलेले असतात. चव वाढविणारा ६३१ क्रमांकाचा घटक वनस्पतीपासून मिळू शकतो, तसाच मांस वा मासळीपासूनही. घटक अत्यल्प असला तरी त्याचा उगम वनस्पतीज, प्राणिज की प्रयोगशाळेतील, हे उत्पादकांनी स्पष्ट जाहीर करावे, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये दिला. तथापि, यादी वाचणाराच नसेल तर न्यायालयाचा आदेशही निष्फळ ठरतो.

कायद्याने ग्राहकाच्या हाती आणखी एक साधन दिले आहे. खरेदीच्या वेळी विक्रेत्यास तशी कल्पना देऊन आणि शुल्क भरून कोणीही ग्राहक पदार्थाची अन्न विश्लेषकाकडून तपासणी करवून घेऊ शकतो. पदार्थ नियमबाह्य ठरल्यास शुल्क परत मिळते. मात्र पावती न घेणारा, वेष्टन तत्काळ फेकून देणारा ग्राहक तक्रार कशाच्या बळावर करणार?

जबाबदारी दुकानाच्या गल्ल्यामागे बसणाऱ्याचीही आहे. समाजातील अनेक कुटुंबे किराणा व मिठाईच्या व्यवसायात आहेत. जो माल स्वतःच्या ताटात चालणार नाही, तो ‘जैन’ म्हणून विकणे हा व्यवहारातला असत्याचाच प्रकार होय.

पूर्वजांनी पाणी गाळताना कायद्याची वाट पाहिली नाही. पाकिटावरील बारीक अक्षरे वाचणे हे आजचे गाळण आहे. प्रत्येक घरातील एका तरी सदस्याने हा नियम आजपासून घ्यावा, एवढीच विनम्र प्रार्थना.

जय जिनेंद्र!