पानिपत आणि चांदा

'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानमालिकेत १९६४ साली 'द अ‍ॅझटेक्स' ही चार भागांची कथा आली. इतिहासाची शिक्षिका बार्बरा भूतकाळात पोचते, तिथे तिला देवी मानतात. ती नरबळी थांबवायला धडपडते, पण इतिहास तसूभरही हलत नाही. त्या हतबलतेतच कथेचं मोठेपण आहे.

डॉ. जयंत नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत वेगळी वाट धरली. पानिपतच्या लढाईत विश्वासरावांना लागलेली गोळी तिथे कानाजवळून निसटते, मराठे जिंकतात आणि इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका निराळ्याच मुंबईत जाऊन पोचतात. एका गोळीने सारा देश बदलतो, आणि त्यामागची पुंजभौतिकीही लेखक समजावतो. मला ही कल्पना अधिक धाडसी वाटते.

आपल्या चांद्याचाही, म्हणजे आजच्या चंद्रपूरचाही, असा एक क्षण आहे. मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके १८५८ साली इंग्रजांशी लढले. अहेरी जमीनदारीच्या मदतीने इंग्रजांनी त्यांना पकडलं आणि २१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली. वय अवघं पंचवीस. ते निसटले असते तर? चंद्रपूर-गडचिरोलीच्या तरुण लेखकांनो, ही विज्ञानकथा तुम्ही लिहा.