व्यसनमुक्ती केंद्राच्या दारातील एचआयव्ही चाचणी
(विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



भारतात एचआयव्ही संसर्गाची पहिली नोंद १९८६ मध्ये तेव्हाच्या मद्रास शहरात झाली. हे वर्ष आपल्या टिपणवहीत नक्कीच असेल. त्याच्या शेजारी आणखी एक नोंद करून ठेवा: मणिपूर, १९८९-९०. म्यानमारच्या सीमेवरून येणारे हेरॉइन तेथील तरुण शिरेतून टोचून घेत असत. सुया दुर्मीळ होत्या, आणि सुई जवळ बाळगणे म्हणजे पोलिसांच्या हाती आयता पुरावा देणे. त्यामुळे एकच सिरिंज अनेकांच्या हातांतून फिरे. अवघ्या काही महिन्यांत या गटातील बाधितांचे प्रमाण शून्याजवळून निम्म्यापर्यंत गेले. सुईच्या पोकळीत आणि सिरिंजच्या नळीत मागील व्यक्तीचे रक्त शिल्लक राहते व ते थेट पुढच्याच्या रक्तात जाते, एवढे साधे या वेगाचे कारण आहे.

हा प्रश्न केवळ ईशान्येचा नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे साडेआठ लाख लोक इंजेक्शनद्वारे अमली पदार्थ घेतात. २०१४-१५ च्या पाहणीत या गटात एचआयव्हीचे प्रमाण ९.९ टक्के आढळले. २०१५ च्या अंदाजानुसार देशातील प्रौढांत ते ०.२६ टक्के होते.

असे असूनही व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झालेल्या माणसाची एचआयव्ही चाचणी होईलच याची खात्री देता येत नाही. व्यसनाधीनांची पुनर्वसन केंद्रे सामाजिक न्याय मंत्रालयाच्या साहाय्याने चालतात. एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रे आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीतील राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची, म्हणजे ‘नॅको’ची. परीक्षेत हा भेद लिहावा लागतो. रुग्ण मात्र एकच असतो, आणि हातात चिठ्ठी देऊन त्याला दुसऱ्या इमारतीकडे पाठवले की तो तेथे पोहोचेलच असे नाही. बसभाडे, रांग, ओळखीचे कोणी भेटेल ही धास्ती, यांपैकी एवढ्या-तेवढ्यानेही पाऊल मागे फिरते. म्हणून चाचणी जेथे माणूस आहे तेथेच व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे. बोटाच्या टोकावरील थेंबभर रक्तावर प्राथमिक तपासणी होते. ती सकारात्मक आली तरच पुढील चाचण्यांसाठी संबंधित केंद्राकडे जावे लागते; निदान तीन वेगवेगळ्या चाचण्यांनंतरच निश्चित मानले जाते.

मात्र ‘तेथेच व्हावी’ याचा अर्थ ‘सक्तीने व्हावी’ असा नव्हे. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. माहितीपूर्ण संमतीशिवाय चाचणी करण्यास तो मनाई करतो. उपचार मिळण्याची पूर्वअट म्हणून चाचणी लादणेही त्यात बसत नाही. दाखल होताना भरून घेतलेल्या कागदांच्या गठ्ठ्यातील एक सही म्हणजे संमती नव्हे. पहिल्या काही दिवसांत रुग्णाचे अंग मोडून येत असते, झोप नसते, जुलाब-उलट्या चालू असतात. त्या अवस्थेत तो कशालाही होकार देईल. चार-पाच दिवसांनी, शरीर सावरल्यावर, समुपदेशकाने शांतपणे विचारावे. नकार आला तर पुन्हा विचारावे, पण उपचार थांबवू नयेत.

अहवाल सकारात्मक आला तर २०१७ पासूनच्या धोरणानुसार सीडी-४ पेशींची संख्या न पाहता विनामूल्य औषधोपचार सुरू होतात. औषधे नियमित घेऊन रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतके घटले, तर त्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही. नकारात्मक अहवालाकडे मात्र बहुधा दुर्लक्षच होते. संसर्गानंतर काही आठवडे, क्वचित तीन महिन्यांपर्यंत, तो चाचणीत दिसत नाही; म्हणून धोका चालू असणाऱ्याची चाचणी ठरावीक काळाने पुन्हा करावी लागते. त्याच भेटीत हिपॅटायटिस-सी तपासणे शहाणपणाचे. तोही सुईतूनच पसरतो, आणि २०१८ च्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात त्याच्यावर विनामूल्य उपचार मिळतात.

आता अधिक वादाचा मुद्दा. शरीरातून अमली पदार्थ उतरवून माणसाला घरी पाठवले, की काम संपले असे समजले जाते. अनेकजण पुन्हा व्यसनाकडे वळतात, आणि मधल्या काळात शरीराची सहनशक्ती घटलेली असल्याने जुनी मात्राच प्राणघातक ठरू शकते. यावरील मार्ग म्हणजे पर्यायी औषधोपचार. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी कर्मचाऱ्यासमोर जिभेखाली ठेवून रोज दिली जाते. तलफ शमते, सुईची गरज उरत नाही, माणूस कामावर जाऊ शकतो. ‘नॅको’ने हा उपचार २००७ ते २०१२ च्या तिसऱ्या टप्प्यात आपल्या कार्यक्रमात आणला. अशा उपचारामुळे एचआयव्ही संसर्गाचा धोका सुमारे ५४ टक्क्यांनी कमी होतो, असा निष्कर्ष २०१२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून निघाला. ‘एक व्यसन सोडवून दुसरे लावायचे काय?’ असा आक्षेप घेतला जातो. मधुमेही रोज इन्सुलिन घेतो, त्याला आपण व्यसनी म्हणत नाही. मणिपूरने तर १९९६ च्या आपल्या एड्स धोरणातच हानी न्यूनीकरणाचा मार्ग स्वीकारला होता. २०१७ च्या कायद्याने अशा उपाययोजना राबवणाऱ्यांना व त्यांचा लाभ घेणाऱ्यांना फौजदारी कारवाईपासून संरक्षण दिले. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनासाठी १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या कलम ६४-अ मध्येही काही अटींवर सवलत आहे.

स्त्रियांविषयी दोन शब्द. बाधित पुरुषाच्या पत्नीला धोका सुईतून नव्हे, लैंगिक संबंधातून पोहोचतो. म्हणून केंद्रात निरोधाची चर्चा सुईइतकीच मोकळेपणाने व्हायला हवी. आणि ज्या स्त्रिया स्वतः इंजेक्शन घेतात, त्यांना बहुतेक केंद्रांत प्रवेशच नसतो, कारण ती पुरुषांसाठी उभारलेली आहेत.

शेवटी दोन क्रमांक लिहून घ्या, परीक्षेसाठी नव्हे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि एचआयव्हीविषयक माहितीसाठी १०९७. दोन्ही विनामूल्य आहेत. पण क्रमांक दोन आहेत, हेही ध्यानात घ्या.