प्रत्येक माणसाची नोंद : डॉ. रिचर्ड डॉल यांचे संशोधन आणि आपण
(भीमजयंती समारंभातील भाषण)

सन्माननीय अध्यक्ष, पूज्य भन्तेजी, उपासक-उपासिकांनो आणि तरुण मित्रांनो, सविनय जय भीम!

ज्या शब्दांनी मी आपणास अभिवादन केले, ते आपल्याला दिले कामठीच्या बाबू हरदास यांनी. विडी कामगारांची संघटना बांधणारा हा कार्यकर्ता 1939 साली, वयाच्या अवघ्या 35 व्या वर्षी क्षयाने गेला. त्या वेळी क्षयावर औषधच नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन हे पहिले परिणामकारक औषध सापडले 1943 साली. आज ज्या संशोधकाविषयी मी बोलणार आहे, त्याच्या कार्याचा धागा तंबाखू, क्षय आणि औषध या तिन्हींशी जुळलेला आहे, म्हणून आरंभी या नावाचे स्मरण केले.

स्ट्रेप्टोमायसिन इंग्लंडमध्ये आले तेव्हा ते फारच थोडे होते. ते कोणाला द्यायचे? ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाच्या वतीने सर ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी मार्ग काढला. रुग्णाची ऐपत, त्याची ओळख किंवा डॉक्टरची मर्जी यांपैकी काहीही न पाहता, बंद पाकिटातील चिठ्ठीने निर्णय व्हायचा. 55 रुग्णांना औषध व विश्रांती मिळाली. 52 जणांना त्या काळच्या रीतीप्रमाणे केवळ विश्रांती. सहा महिन्यांनी पहिल्या गटात 4 आणि दुसऱ्या गटात 14 रुग्ण दगावले होते. औषध खरे ठरले, आणि औषध पारखण्याची निःपक्षपाती रीतही जगाला मिळाली. हे हिल डॉक्टर नव्हते. स्वतः क्षयाने आजारी पडल्यामुळे त्यांचे वैद्यकीय शिक्षण हुकले आणि त्यांनी 1922 साली लंडन विद्यापीठाची अर्थशास्त्राची पदवी घेतली. त्याच विद्यापीठातून त्याच विषयात बाबासाहेबांनी 1921 साली एम.एस्सी. आणि 1923 साली डी.एस्सी. संपादन केली, हे आपणास सांगावयास नकोच.

1948 साली हिल यांच्या हाताखाली एक तरुण डॉक्टर रुजू झाला. त्याचे नाव रिचर्ड डॉल. जन्म 1912 चा, एका डॉक्टरच्या घरातला. त्याला खरे तर गणितज्ञ व्हायचे होते. केंब्रिजच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री बिअर जास्त झाली, पेपर बिघडला आणि आपण वैद्यकाकडे वळलो, असे ते स्वतःच सांगत. पंचशीलातील पाचवे शील मोडल्याचा असा लाभ सर्वांनाच होईल, असे मात्र तरुण मित्रांनी समजू नये!

इंग्लंड व वेल्समध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने 1922 साली 612 माणसे मेली होती. 1947 साली 9,287. कारण कोणालाच ठाऊक नव्हते. रस्त्यांवरील डांबर किंवा मोटारींचा धूर, असा खुद्द डॉल यांचा कयास होता. त्यांनी लंडनच्या रुग्णालयांतील 709 कर्करोगी आणि इतर आजारांचे तितकेच रुग्ण निवडले व सर्वांना एकसारखे प्रश्न विचारले. कर्करोग झालेल्या 649 पुरुषांपैकी कधीही धूम्रपान न करणारे होते केवळ 2. दुसऱ्या गटातील तितक्याच पुरुषांत असे 27 जण होते. अहवाल 1950 साली प्रसिद्ध झाला. त्याआधीच डॉल यांनी स्वतःची सिगारेट सोडली होती. आपला आवडता तर्क पुराव्याने खोटा ठरला, तेव्हा त्यांनी तर्क टाकला आणि आचरणही बदलले. तथागतांनी कालामांना याहून वेगळे काय सांगितले होते?

तरीही शंका उरल्या. म्हणून 1951 साली डॉल व हिल यांनी ब्रिटनमधील 59,600 डॉक्टरांना एक छोटी प्रश्नावली पाठविली. सुमारे 40 हजारांनी उत्तरे दिली, आणि त्यांतील 34,439 पुरुष डॉक्टरांच्या जीवनमरणाची नोंद पुढे पन्नास वर्षे ठेवली गेली. अखेरचा अहवाल 2004 साली आला, तेव्हा डॉल 91 वर्षांचे होते. सिगारेट ओढत राहणारे सरासरी दहा वर्षे आधी मरतात. पण साठाव्या वर्षी सोडली तर तीन, पन्नासाव्या वर्षी सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ आणि तिसाव्या वर्षी जवळजवळ सर्व दहा वर्षे परत मिळतात. यापेक्षा आशादायक आकडे मी माझ्या व्यवसायात पाहिलेले नाहीत.

मराठीत या विद्येला आपण साथरोगशास्त्र म्हणतो. हृदयविकार, मधुमेह, कर्करोग यांची साथ मात्र डोळ्यांना दिसत नाही. ती एका पिढीभर हळूहळू पसरते आणि मोजल्याशिवाय समजत नाही. औषधांचेही तसेच आहे. 1968 साली व्हेसी व डॉल यांनी दाखविले की, त्या काळच्या संततिनियमनाच्या गोळ्यांमुळे शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका अनेक पटींनी वाढतो. पुढे गोळ्यांतील संप्रेरकाची मात्रा कमी केली गेली. ॲस्पिरिन निरोगी माणसालाही तारील, अशी आशा होती. पेटो, डॉल आणि सहकाऱ्यांनी 5,139 डॉक्टरांवर सहा वर्षे ती पारखली आणि 1988 साली प्रांजळपणे सांगितले की, मृत्यू कमी झाल्याचे स्पष्टपणे दिसत नाही. ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, त्यांना ॲस्पिरिनचा लाभ निश्चित आहे. त्यांनी ती आपल्या मनाने सोडू नये. निरोगी माणसाने मात्र ती आपल्या मनाने सुरू करू नये.

डॉल 2005 साली वारले. पुढील वर्षी उघड झाले की, एका रासायनिक कंपनीकडून ते अनेक वर्षे सल्लागार म्हणून मानधन घेत होते. हे मी मुद्दाम सांगतो. विभूतिपूजेचा धोका बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 च्या संविधान सभेतील भाषणात दाखवून दिला होता. माणूस मोठा असला तरी त्याचा शब्द पुरावा होत नाही. त्याच भाषणात त्यांनी एक व्यक्ती, एक मूल्य हे तत्त्व मांडले. रोगांच्या गणनेचा पायाही तोच आहे. तेथे हमालाचा मृत्यू आणि सरदाराचा मृत्यू सारखाच एक मोजला जातो. पण ज्याची नोंदच होत नाही, त्याचे मूल्य शून्य होते.

आपली माणसे फार काळ अशीच नोंदीबाहेर राहिली. विदर्भात विड्या वळणाऱ्या आणि ओढणाऱ्या आपल्या आजी-आजोबांच्या छातीत काय झाले, हे कोणी लिहून ठेवले? डॉल यांचे सहकारी रिचर्ड पेटो यांच्या सहभागाने भारतात 11 लाख घरांच्या पाहणीतून ती नोंद झाली आणि 2008 साली प्रसिद्ध झाली : विडी ओढणारा पुरुष सुमारे सहा वर्षे आणि धूम्रपान करणारी स्त्री सुमारे आठ वर्षे आयुष्य गमावते. विडी सौम्य, हा समज त्याने संपला. इकडे लंडनमधील साउथॉलच्या पाहणीत 1991 साली दिसले की, मधुमेहाचे प्रमाण युरोपीय लोकांत 4 टक्के, तर आपल्या उपखंडातील लोकांत 19 टक्के आहे. मधुमेहाने बाबासाहेबांची अखेरची वर्षे कशी पोखरली, हे आपण जाणतो. ते गेले तेव्हा अवघे 65 वर्षांचे होते.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. चाळिशी गाठलेल्या प्रत्येकाने, आणि विशेषतः घरातील स्त्रियांनी, रक्तदाब व रक्तातील साखर तपासून घ्यावी. बरे वाटते म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करू नये. ती गोळी घेतल्यामुळेच रक्तदाब ताब्यात असतो. सुट्टीत गावी गेल्यावर ती सुटते आणि परतल्यावर आम्हा डॉक्टरांपासून लपविली जाते, असे मी वारंवार पाहतो. गावाहून आणलेले चूर्णही डॉक्टरांना दाखवा. अशा काही औषधांत शिसे आढळलेले आहे. आणि तिसरी विनंती : एखाद्या आरोग्य पाहणीचे पत्र घरी आले तर ते टाकून देऊ नका. सर्व काही विचारून घ्या, पटले तर नाव नोंदवा. चाळीस हजार डॉक्टरांनी एका पत्राला उत्तर दिले, त्यातून जगाला शहाणपण आले. आपली उत्तरे त्यात नसतील, तर आपल्या मुलांना मिळणारे औषध दुसऱ्यांच्या शरीरांवरूनच ठरत राहील.

बाबू हरदास यांना औषध लाभले नाही. आपल्याला ते दारापर्यंत आलेले आहे. ते पारखून घेऊ आणि नियमाने घेऊ. 

जय भीम! नमो बुद्धाय!