मालक तोच वैमानिक



अमेरिकेत आपले विमान आपणच चालविणारे हौशी मालक पुष्कळ आहेत. पिस्टन इंजिनाच्या, पंख्याच्या विमानावर हात बसला की त्यांना जेटची ओढ लागते. २०१६ साली तेथील हवाई खात्याने सिरस कंपनीच्या ‘व्हिजन जेट’ला मान्यता दिली. एका इंजिनाचे हे जेट एकटा वैमानिक चालवू शकतो. ते या मंडळींना मानवेल काय?

पंख्याचे विमान चुका सावरून घेते. इंजिन मंदावताच पंखाच हवेला अडवितो. इंजिन वाढविताच जोर तत्काळ मिळतो. जेटचा जोर यायला क्षण लागतात, आणि आलेला वेगही ते सहजी सोडीत नाही. तासाला सुमारे ३०० सागरी मैल जाताना मन विमानाच्या पुढे धावले पाहिजे. म्हणूनच तेथे जेटच्या प्रत्येक जातीसाठी वेगळी परीक्षा सक्तीची आहे.

सबंध विमान तोलणारी हवाई छत्री यात आहे. प्रवाशाने बटण दाबताच विमान आपोआप उतरविण्याची सोयही २०२० साली आली. पण या सोयी संकट आल्यानंतरच्या. विमान कंपनीत ‘आज निघू नका’ म्हणणारा दुसरा कोणी असतो. येथे मालक, वैमानिक आणि घाईतला गृहस्थ एकच. मागे बायकामुले बसलेली!

आमचे उत्तर असे: जो दरवर्षी पुन्हा विद्यार्थी होईल आणि शंका येताच बेत मोडील, त्याला जेट मानवेल. ज्याच्याजवळ नुसताच पैसा आहे, त्याने पंख्याच्या विमानातच सुखाने राहावे. त्यात कमीपणा नाही.