कॅमेऱ्यापुढे कोण बोलणार?
(शाखेच्या सभेतील भाषण)



आपल्या ट्रॅकमनवर माहितीपट काढायला काही तरुण मंडळी आली आहेत. स्वागतच आहे. रुळांवर चित्रीकरण करायचे तर परवानगी हवी; नाहीतर १९८९ च्या रेल्वे कायद्याचे कलम १४७ आहेच, विनापरवाना प्रवेशाचे. ती खटपट त्यांची.

आमची काळजी वेगळी. ट्रॅकमन मोकळेपणाने बोलतो, संमतीच्या कागदावर सही करतो. त्या सहीने दिग्दर्शक सुटतो, ट्रॅकमन सुटत नाही. रेल्वेचे १९६६ चे आणि टपालवाल्यांना लागू असलेले १९६४ चे आचरण नियम पाहा. दोन्हींत नववा नियम सरकारवरील टीकेचा. चार्जशीट बोलणाऱ्याच्याच हाती पडते. सेवाशर्तींच्या रक्षणासाठी कामगार युनियनचा पदाधिकारी प्रामाणिकपणे बोलला, तर मात्र त्याला तिथे वाट ठेवलेली आहे.

म्हणून आम्ही त्यांना सांगितले, हात दाखवा, हातोडा दाखवा, चेहरा नको. गाऱ्हाणे आम्ही मांडतो. ते म्हणाले, चेहऱ्याशिवाय चित्रपटात जीव येत नाही. असेल खरे. पण त्यांचा चित्रपट पुढच्या गावी जाईल, आपला माणूस त्याच साहेबापुढे हजेरी लावील. संमतीचा कागद मराठीत असावा आणि सहीआधी युनियन ऑफिसात वाचून दाखवावा, एवढे आम्ही लेखी मागितले आहे. उत्तर यायचे आहे.