प्रश्न मोटारसायकलचा नाही

(राहाता येथे कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



परदेशातून आणलेल्या मोटारसायकलची नोंदणी हा कार्यकर्त्यांच्या बैठकीचा विषय नव्हे, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. ज्याला परदेशी गाडी परवडते त्याची काळजी आपण का वाहावी? शंका रास्त आहे. परंतु नोकरशाहीचे स्वरूप तपासावयाचे तर हे उदाहरण उपयोगी आहे. कारण येथे अर्जदार गरीब नाही, निरक्षर नाही, आणि तरीही तो मेटाकुटीस येतो.

समजा, आखातात नोकरी करून राहात्याचा एक तरुण आपली वापरलेली मोटारसायकल घेऊन गावी परतत आहे. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याने प्रवासी सामानाच्या व्याख्येतून मोटारवाहन वगळले आहे. म्हणजे गाडी त्याची स्वतःची असली तरी कायद्याच्या दृष्टीने ती आयात ठरते. वापरलेले वाहन तीन वर्षांहून जुने नको, ते मुंबई बंदरातूनच आले पाहिजे, वेगमापक किलोमीटरचा हवा, पुढचा दिवा डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीला योग्य हवा. मग चाचणी. त्यासाठी नियमांत नेमलेल्या संस्थांमध्ये पुण्याच्या ‘एआरएआय’बरोबर आपल्याच जिल्ह्यातील, अहिल्यानगरची, संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे. त्यानंतर आयातशुल्क, आणि शेवटी सीमाशुल्काचा दाखला घेऊन ‘एमएच-१७’च्या क्रमांकासाठी श्रीरामपूरचे परिवहन कार्यालय.

यांतील एकेक अट तपासून पाहा. दिव्याचा झोत चुकीच्या बाजूला असेल तर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतील. वयाची अट नसेल तर श्रीमंत देशांची टाकाऊ वाहने आपल्या रस्त्यांवर येतील. आयातशुल्कामागे येथील कामगाराच्या रोजगाराचा विचार आहे. तेव्हा नियमच नकोत, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस आपण बसता कामा नये.

दोष अन्यत्र आहे. बंदर, चाचणी संस्था आणि परिवहन कार्यालय ही एकाच राज्यव्यवस्थेची अंगे. पण एका अंगाने काय तपासले हे दुसऱ्या अंगाला सिद्ध करून देण्याचा भार मात्र नागरिकाच्या शिरावर. तो सरकारचा बिनपगारी शिपाई होतो. आणि विलंबाला किंमत असते, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. १९७० च्या दशकात स्कूटरसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे, तेव्हा प्रतीक्षायादीतील जागेलाही भाव येई. १९९१ मध्ये बहुतेक उद्योगांचे परवाने गेले. खिडकी तशीच राहिली, आणि खिडकीबाहेरचा दलालही राहिला. सधन माणूस दलालाला पैसे देऊन सुटतो. ऊसतोड मजूर शिधापत्रिकेसाठी, विधवा वारसनोंदीसाठी त्याच तऱ्हेच्या खिडकीशी उभी राहते, तेव्हा ती किंमत बुडालेल्या रोजगारातून भरली जाते.

नोकरशाहीवरील टीका आपण बाजारवाद्यांकडे सोपवून मोकळे झालो, तर ते नियमांबरोबर संरक्षणही मोडतील. नियोजनावर ज्यांचा विश्वास आहे त्यांनीच या टीकेत पुढे असले पाहिजे.

२०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवेसाठी मुदत ठरवून देण्याचे बंधन घातले. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला तर खात्यात दोन अपिले आणि तिसरे आयोगाकडे करता येते. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. परंतु अर्जाची पोच आणि तिच्यावरील तारीख हाती नसेल, तर हा हक्क कागदावरच राहतो.

म्हणून आपल्यापुढे दोन कामे आहेत. एका सरकारी कचेरीने जे तपासले ते दुसरीने नागरिकाकडे पुन्हा मागू नये, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. आणि तोवर, तालुका कचेरीत अर्जदाराबरोबर जाऊन पोच मागावी, मुदत टळताच अपील लिहून द्यावे. दलाल जे काम पैसे घेऊन करतो, ते आपण हक्क म्हणून करून दाखवू. त्याची सुरुवात मोटारसायकलपासून नव्हे, शिधापत्रिकेपासून करू या.