वजनाचे औषध आणि विम्याचा कागद



मागे एकदा आमच्या गावच्या आठवडे बाजारात एक गुरुजी भेटले. वय पंचेचाळिशीचे. उंची पाच फूट तीन इंच, वजन नव्वद किलो. मधुमेह आहे. गुडघे असे दुखतात, की फळ्यापुढे तासभर उभे राहणे जड जाते. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “वजन उतरवणारी सुई निघाली आहे म्हणे. डॉक्टरही म्हणतात, विचार करा. मी इतकी वर्षे आरोग्य विम्याचा हप्ता भरतो आहे. त्यातून या सुईचे पैसे मिळतील का हो?”

हा प्रश्न पुष्कळांच्या मनात असेल. म्हणून आज त्याविषयीच बोलू.

आधी हे औषध काय आहे ते पाहू. आपण जेवतो तेव्हा आतड्यातून एक स्राव निघतो. ‘आता पुरे’ असा निरोप तो मेंदूला पोहोचवतो. त्याच स्रावासारखे काम करणारी औषधे शास्त्रज्ञांनी तयार केली आहेत. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड ही त्यांतली दोन नावे. आठवड्यातून एकदा सुई घ्यायची. भूक मंदावते, पोट सावकाश रिकामे होते. २०२१ साली सेमाग्लुटाइडचा एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात ६८ आठवड्यांत माणसांचे वजन सरासरी १५ टक्के उतरले. म्हणजे नव्वद किलोचा माणूस साडेशहात्तरवर आला असे समजा. २०२३ सालच्या दुसऱ्या प्रयोगात १७,६०४ माणसे होती. सगळ्यांना हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा विकार होता, वजनही जास्त होते. मधुमेह मात्र नव्हता. सुई घेणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने येणारा मृत्यू यांचे एकूण प्रमाण २० टक्क्यांनी कमी आढळले.

पण यात एक मेख आहे. पहिल्या प्रयोगातल्या काही लोकांची सुई बंद केल्यावर पुढेही पाहणी झाली. उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन वर्षभरात परत चढले होते. म्हणजे हे औषध रक्तदाबाच्या गोळीसारखे दीर्घकाळ घ्यावे लागते. आणि विम्याची खरी अडचण इथेच सुरू होते.

विम्याची रीत आपल्याला पीकविम्यावरून ठाऊक आहे. गारपीट झाली, पूर आला, तर पैसे मिळतात. दर हंगामाच्या निंदणी-खुरपणीचे पैसे कोणी मागत नाही, कोणी देतही नाही. आरोग्य विमाही तसाच बेतलेला आहे. रुग्णालयात भरती झालात, शस्त्रक्रिया झाली, की खर्च मिळतो. भरतीच्या आधीच्या आणि नंतरच्या ठरावीक दिवसांची औषधेही त्यात धरतात. पण घरी बसून दर आठवड्याला घ्यायचे औषध बहुतेक साध्या पॉलिसींत बसत नाही. त्यासाठी बाह्यरुग्ण खर्चाचे वेगळे कलम लागते, आणि त्यालाही रकमेची मर्यादा असते. आपली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि केंद्राची आयुष्मान भारत योजना यासुद्धा मुख्यतः रुग्णालयातल्या उपचारांसाठी आहेत.

आता खर्च पाहा. टिर्झेपेटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात विक्रीस आले. तेव्हा पाच मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत ४,३७५ रुपये होती. आठवड्याला एक कुपी, म्हणजे चार आठवड्यांचे १७,५०० रुपये, आणि वर्षाचे दोन लाखांवर. पुढे किमती खाली-वर होतील. पण नोकरदाराला किंवा बागायतदाराला हा आकडा कितपत पेलेल, हे तुम्हीच ठरवा.

आणि गंमत अशी, की वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेला मात्र विम्याची वाट मोकळी आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली ठरवून दिलेल्या कलमात त्याच्या अटी आहेत. वय किमान अठरा हवे, डॉक्टरांचा सल्ला हवा, आणि बी.एम.आय. ४० किंवा अधिक हवा. हृदयविकार किंवा उपचारांनीही आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखा गंभीर विकार जोडीला असेल, तर ३५ पुरतो. शिक्षक मित्रहो, हे गणित वर्गात करून घेण्याजोगे आहे. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. आमच्या गुरुजींची उंची १.६० मीटर, तिचा वर्ग २.५६. नव्वदला त्याने भागले की ३५ येतात.

हा आकडासुद्धा सर्वांना सारखा लागू पडतो असे नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. दोघांचाही बी.एम.आय. २२.३. पण इंग्रज डॉक्टरांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! आपला माणूस बारीक दिसला, तरी आतून चरबीचा असू शकतो. म्हणून आपल्याकडचे डॉक्टर पंचविसापासूनच लठ्ठपणा धरतात. विम्याचा कागद मात्र पस्तिसाच्या आत बोलत नाही.

ही ओढाताण आपल्याकडेच आहे असे नव्हे. अमेरिकेत वृद्धांसाठी मेडिकेअर नावाची सरकारी विमा योजना आहे. तिच्यासाठी २००३ साली कायदा झाला, तेव्हा वजनाची औषधे केस वाढवण्याच्या औषधांच्या रांगेत बसवून वगळली. जणू लठ्ठपणा हा दिसण्याचाच प्रश्न! २०२४ साली हृदयविकार असलेल्यांपुरते दार किलकिले झाले. त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायना राज्यात उलट घडले. तिथल्या शिक्षकांच्या व सरकारी नोकरांच्या योजनेने निव्वळ वजनासाठी ही औषधे देणे १ एप्रिलपासून बंद केले. खर्च झेपेना, आणि तो सगळ्यांच्या हप्त्यावर पडेल, असे कारण दिले. सुई घेणाऱ्यांचे वजन परत चढणार, हे ठाऊक असूनही. दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे आहे, म्हणूनच हा प्रश्न कठीण आहे.

माझे मत विचाराल तर सांगतो. बांध घालायला पैसे नाहीत, आणि वावर वाहून गेल्यावर मात्र भरपाई आहे, असा हा हिशेब झाला. सरसकट सर्वांना सुई द्या असे कोणी म्हणणार नाही. पण ज्याला मधुमेह आहे, हृदयाचा धोका आहे, त्याच्या औषधाचा विचार विम्याने आधीच करावा. पुढे झटका आल्यावर तोच विमा लाखांनी पैसे मोजतो.

तोवर आपण काय करावे? पॉलिसी काढताना वजन आणि मधुमेह लपवू नका. पुढे दावा अडतो. बाह्यरुग्ण खर्चाचे कलम आहे का, हे कंपनीला लेखी विचारा आणि उत्तर लेखीच घ्या. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या व तपासण्यांचे कागद जपून ठेवा. हक्काचा दावा नाकारला, तर आधी कंपनीकडे तक्रार करा. तिथे दाद लागली नाही, तर विमा लोकपालाकडे जा. त्यांचे कार्यालय मुंबईत आहे, पुण्यातही आहे, आणि तिथे शुल्क पडत नाही. आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ही सुई कोणीही घेऊ नये. मळमळ, उलट्या होतात. गरोदरपणात तर ती वर्ज्यच आहे.

गुरुजींना मी एवढेच सांगितले, “सुई सुरू करण्याआधी ती किती वर्षे चालवता येईल, हे डॉक्टरांपाशी बसून ठरवा. आणि हा प्रश्न हळू आवाजात विचारू नका. हा आजार आहे, यात लाज कसली?” गुरुजी हसले. पिशवीतून पॉलिसीचा कागद काढला आणि तिथेच, भाजीच्या पालाखाली उभे राहून, आम्ही तो पहिल्या कलमापासून वाचायला घेतला.

तुमच्याही घरात असा एक कागद असेल. आज रात्री तो काढून वाचा.